अर्जातील एक रकाना

अंधेरीच्या सीप्झमधील कचेरी असो की घाटकोपरची पेढी, नेमणूक ठरताच उमेदवारापुढे प्रकृतीविषयीचा एक छापील कागद येतो. पूर्वी कधी मानसिक आजार झाला होता काय, असे त्यात पुष्कळदा विचारलेले असते. माहिती खोटी ठरल्यास नोकरी जाईल, या अटीखाली सही. ‘होय’ लिहावे तर नोकरी हातची जाण्याचे भय. ‘नाही’ लिहावे तर ती सहीच उद्या गळ्याशी यायची.

हे भय अनाठायी नाही. मुलुंडच्या पलीकडे ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि ‘याला ठाण्याला धाडा’ ही थट्टा मुंबईकरांच्या तोंडी अजून आहे. कावीळ होऊन गेलेल्यास असे कोणी चिडवीत नाही!

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २३ व्या कलमाने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरविला. त्याने डॉक्टर बांधले गेले. मालकाने विचारूच नये, असे मात्र ते कलम म्हणत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो, पण नोकरीतील भेदभावास मनाई करणारे त्याचे २० वे कलम सरकारी आस्थापनांपुरते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला महत्त्वाचा निवाडाही केंद्रीय राखीव पोलीस दलातील अधिकाऱ्याच्या बाबतीतला.

म्हणून आमचे सांगणे मालकांस आहे, उमेदवारांस नव्हे. आज हे काम झेपेल काय, काही सोय हवी काय, एवढेच विचारावे. कोणी आपण होऊन अधिक सांगितले, तर ते ऐकणाऱ्यापाशीच राहावे. आणि तो रकाना पुढच्या छपाईच्या वेळी कागदावरून काढून टाकावा.