यकृतातील गाठ तेवढीच, तरी उपचार यशस्वी? उत्तर रक्तपुरवठ्यात

लखनऊ छावनी : यकृताच्या कर्करोगावर उपचार झाल्यानंतर महिनाभराने आलेल्या अहवालात गाठीचा आकार पूर्वीइतकाच, समजा ४ सेंटिमीटर, नोंदवलेला दिसला की कुटुंबाचा धीर सुटतो. प्रत्यक्षात तेवढ्याच आकाराची गाठ पूर्णपणे मृत असू शकते. उलट आक्रसलेल्या गाठीच्या कडेला जिवंत कर्कपेशींचा पुंजका टिकून असू शकतो. उपचार पुन्हा करायचा, बदलायचा की थांबायचे, हे या फरकावर ठरते.

लखनऊसारख्या शहरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. छावनीत लष्कराच्या मध्य कमांडचे कमांड हॉस्पिटल आणि आर्मी मेडिकल कोअरचे प्रशिक्षण केंद्र आहे, तर शहरात संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आहे. सेवानिवृत्तीनंतर गावी स्थायिक झालेल्या माजी सैनिकासाठी मोठ्या रुग्णालयातील प्रत्येक तपासणी म्हणजे प्रवास, मुक्काम आणि सोबतीला एक माणूस. त्यामुळे कोणती तपासणी केव्हा करायची, याला वैद्यकीय कारणांइतकेच व्यावहारिक महत्त्व येते.

निदानाचा पाया यकृताच्या दुहेरी रक्तपुरवठ्यात आहे. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते आणि उरलेले यकृत धमनीतून. यकृतपेशींपासून उद्भवणारी कर्काची गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसली जाते. शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन केला की साधारण ३५ सेकंदांनी, म्हणजे धमनी टप्प्यात, जिवंत गाठ आसपासच्या यकृतापेक्षा उजळ दिसते. मिनिटभरानंतरच्या आणि पुढे ३ ते ५ मिनिटांनंतरच्या चित्रांत तीच गाठ फिकी पडते. मृत भागात रक्त पोहोचतच नाही, म्हणून तो कोणत्याही टप्प्यात उजळत नाही. सर्व टप्पे न घेता केलेला सीटी स्कॅन या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही; साधी सोनोग्राफी तर त्याहून नाही.

गाठींची केवळ लांबी मोजण्याची जुनी पद्धत येथे अपुरी ठरली ती याच कारणाने. २०१० मध्ये मांडलेल्या ‘एमरेसिस्ट’ निकषांनी गाठीच्या एकूण आकाराऐवजी धमनी टप्प्यात उजळणारा भाग तेवढाच मोजण्यास सांगितले. तो भाग पूर्ण नाहीसा झाला, तर गाठ जागेवर दिसत असूनही प्रतिसाद ‘संपूर्ण’ मानला जातो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या ‘लाय-रॅड्स’ पद्धतीतही उपचारित गाठीची ‘जिवंत’, ‘अनिश्चित’ आणि ‘जिवंत नसलेली’ अशी वर्गवारी असते. ‘अनिश्चित’ हा शब्द अहवालात आला म्हणून रोग परतला असे नव्हे. बहुधा पुढच्या तपासणीची वाट पाहावी, एवढाच त्याचा अर्थ असतो.

उपचार कोणता झाला, यावर चित्राचा अर्थ बदलतो. रेडिओ लहरींनी किंवा मायक्रोवेव्हने गाठ जाळताना भोवतालचे ५ ते १० मिलिमीटर यकृतही हेतुपुरस्सर जाळले जाते. साहजिकच पहिल्या स्कॅनमध्ये डाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसतो आणि ते चांगले लक्षण असते. त्याभोवती काही महिने दिसणारी पातळ, एकसारखी कडा दाहामुळे असते. एका बाजूला जाड, गाठाळ उजळपणा दिसला तर मात्र शंका घ्यावी लागते.

धमनीतून औषध सोडून रक्तपुरवठा बंद करण्याच्या, म्हणजे ‘टेस’च्या उपचारात अनेकदा लिपिओडॉल वापरतात. खसखशीच्या तेलापासून तयार केलेले हे आयोडीनयुक्त तेल गाठीत साठून राहते आणि सीटीवर स्वतःच पांढरेशुभ्र दिसते. त्या पांढरेपणाआड जिवंत भाग लपू शकतो. तेथे एमआरआय सरस ठरतो, कारण तेलाचा त्यात फारसा अडथळा होत नाही. शिवाय कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचे चित्र वजा करता येते. उरतो तो केवळ रक्ताने आणलेला उजळपणा.

किरणोपचारानंतर सर्वाधिक संयम लागतो. यट्रियम-९० चे सूक्ष्म गोळे धमनीतून सोडल्यावर किंवा बाहेरून नेमका किरणमारा केल्यावर कर्कपेशी हळूहळू मरतात. गाठ कित्येक महिने, बाह्य किरणोपचारानंतर कधी वर्षाहूनही अधिक काळ, उजळ दिसू शकते. या काळात घाईने ‘उपचार निष्फळ’ असा शिक्का मारला तर रुग्णाला विनाकारण दुसऱ्या, अधिक त्रासदायक उपचाराकडे ढकलले जाते. म्हणूनच ‘लाय-रॅड्स’च्या २०२४ च्या आवृत्तीत किरणोपचारित गाठींसाठी वेगळी वाट आखून ‘वाढ नसलेली’ असा स्वतंत्र वर्ग देण्यात आला.

सूक्ष्म बुडबुड्यांचा कॉन्ट्रास्ट वापरून केलेली सोनोग्राफी मूत्रपिंडे कमकुवत असलेल्यांना उपयोगी पडते. बुडबुड्यांतील वायू श्वासावाटे बाहेर पडतो. पण तिच्यात एका वेळी एखादीच गाठ नीट पाहता येते. साखरेवर आधारित पेट स्कॅनबद्दल रुग्णांमध्ये मोठी अपेक्षा असते. यकृताच्या सौम्य प्रतीच्या कर्कपेशी मात्र ती साखर धरून ठेवत नाहीत, त्यामुळे गाठ जिवंत असूनही चित्र कोरे येऊ शकते. रक्तातील अल्फा फिटोप्रोटीनची पातळी जोडीला पाहतात, परंतु अनेक रुग्णांत ती मुळातच वाढलेली नसते.

गाठ जाळल्यानंतर किंवा ‘टेस’नंतर सामान्यतः महिन्याभराने पहिला स्कॅन आणि पुढे सुरुवातीला दर तीन महिन्यांनी तपासणी केली जाते. उपचारित गाठ शांत असली तरी सिरोसिस झालेल्या यकृतात अन्यत्र नवी गाठ उद्भवू शकते, त्यामुळे प्रत्येक वेळी संपूर्ण यकृत पाहिले जाते. तुलना शक्यतो त्याच पद्धतीच्या स्कॅनशी व्हावी लागते. आधी सीटी आणि नंतर एमआरआय केल्यास सूक्ष्म बदल पारखणे अवघड जाते. दुसऱ्या शहरात तपासणी करायची असल्यास छापील अहवालाबरोबर आधीच्या सर्व स्कॅनच्या सीडी आणि उपचाराची तारीख व प्रकार नोंदवलेला कागद रेडिओलॉजिस्टकडे द्यावा.