नोंदींत न उतरलेलं नैराश्य

बाळंतपणानंतर उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेक जणींच्या बाबतीत आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. ते ओसरलं नाही, बाळ झोपलं तरी आईचा डोळा लागेना, कशातच जीव रमेना, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकतं. समुपदेशन आणि औषधं यांनी ते बरं होतं. घोडं अडतं ते वेळेत ओळखण्यापाशी.

ही ओळख संगणकाला बाळंतपणाच्या आधीच पटवता येईल का? इस्रायलमधल्या संशोधकांनी २००८ ते २०१५ या काळातल्या २,१४,३५९ बाळंतपणांच्या वैद्यकीय नोंदी मशीन लर्निंगच्या हवाली केल्या. पूर्वीचे आजार, औषधं, तपासण्यांचे अहवाल यांतून संगणक निर्णयांच्या छोट्या छोट्या साखळ्या रचतो. पहिल्या साखळीत जे चुकलं ते दुसरी सुधारते, तिचं तिसरी. अशा शेकडो साखळ्यांच्या बेरजेतून प्रत्येकीच्या जोखमीचा आकडा निघतो.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : सर्व बाळंतिणींत नैराश्याची नोंद १.९ टक्के, तर संगणकाने सर्वाधिक जोखमीच्या ठरवलेल्या दहा टक्के स्त्रियांत ७.४ टक्के. म्हणजे जवळजवळ चौपट. पण खूण केलेल्या शंभरातल्या ९२-९३ जणींना नैराश्य आलंच नाही आणि ज्यांना आलं त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश या यादीबाहेर राहिल्या. हा आकडा निदान म्हणून वापरता येणार नाही. आधी कोणाची विचारपूस करायची, एवढं तो सांगतो.

खरी मेख त्या १.९ टक्क्यांत आहे. भारतातल्या ३८ अभ्यासांच्या २०१७ मधल्या एकत्रित आढाव्यात हे प्रमाण २२ टक्के आढळलं होतं. देश वेगळे आहेत, शिवाय मोजण्याची रीतही वेगळी. इथे बहुतेक ठिकाणी बायकांना प्रश्न विचारले गेले. तिथे डॉक्टरांपर्यंत पोहोचून कागदावर आलेलं दुखणंच मोजलं गेलं. संगणक शिकतो तो अशा कागदांवरूनच. अमेरिकेत मेडिकेड या सरकारी योजनेतल्या स्त्रियांच्या नोंदींत नैराश्याचं निदान गोऱ्या स्त्रियांत कृष्णवर्णीयांपेक्षा जास्त होतं, कारण बहुधा उपचारांपर्यंत पोहोचण्याची संधीच असमान. त्या नोंदींवर पोसलेलं संगणकीय प्रारूप कृष्णवर्णीय स्त्रियांची जोखीम कमी दाखवू लागलं. हा पक्षपात दाखवून देणाऱ्या संशोधकांनीच तो मोजून दुरुस्त करण्याच्या पद्धती तपासल्या.

आपल्याकडची गोष्ट आणखी अवघड. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या गोव्यातल्या २००२ च्या अभ्यासात २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची ठळक कारणं होती. केसपेपरवर रक्तदाब असतो, हिमोग्लोबिन असतं. सासरची नाराजी लिहायला रकाना नसतो. त्याच अभ्यासातल्या नैराश्यग्रस्त मातांपैकी ७८ टक्क्यांना गरोदरपणातच मानसिक त्रास होता. म्हणजे विचारायला वेळ होता.

विचारायचं काय, हेही ठरलेलं आहे. १९८७ पासून वापरात असलेल्या एडिनबरा प्रश्नावलीत मागच्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न आहेत. शेवटचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या स्त्रीच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा येते, मुख्यतः बाळासाठी. त्यांतल्या एखाद्या भेटीत तिला बाळंतिणीशी एकांतात बोलायला मिळालं, ते लिहून घेतलं गेलं आणि पुढे समुपदेशकाची सोय असली, तर संगणकालाही शिकण्याजोगं काही हाती लागेल.