पॉलिश शिकायचं तर लाखेपासून

लाकडाला पॉलिश करायची हौस घेऊन दुकानात गेलं, की समोर बहुधा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा डबा येतो. ते दणकट असतं, पाणी आणि उष्णता झेलतं, हे खरं. पण शिकाऊ हाताला ते माफ करत नाही. थर कडक झाला की विरघळत नाही. ओघळ आला किंवा धूळ बसली, तर घासून काढण्यावाचून गत्यंतर नाही. चपडी लाखेचं तसं नाही. तिचा नवा थर खालच्या थराला किंचित विरघळवून त्यातच मिसळतो. कालची चूक आज सावरता येते, म्हणून हात बसेपर्यंत लाखच बरी.

पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे राळेसारखा पदार्थ सोडतात, ती लाख; शुद्ध करून पातळ पापुद्र्यांत मिळते ती चपडी. झारखंड तिचं मोठं आगर. रांचीजवळ नामकुमला तिच्या अभ्यासासाठी १९२४ साली संस्थाच निघाली. विनाइल येण्याआधीच्या ग्रामोफोन तबकड्याही लाखेच्याच.

एक लिटर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम चपडी काचेच्या बरणीत रात्रभर भिजवायची, मधूनमधून हलवायची, मग मलमलीतून गाळायची. लोखंडी डब्यात ती काळवंडते. लागेल तेवढीच करावी. महिनोन्महिने ठेवलेली लाख लाकडावर नीट वाळत नाही, चिकट राहते.

खरी मेहनत मात्र त्याआधीची, पॉलिश पेपरची. १२०, १८०, मग २२०, आणि तेही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवे ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिश चढलं की उठून दिसतात. शेवटच्या पेपरआधी ओलसर फडकं फिरवून वाळू द्यावं. उभे राहिलेले तंतू मग त्या पेपरने निघून जातात. फळीची टोकं पॉलिश जास्त पितात आणि काळी पडतात, म्हणून ती आणखी बारीक पेपरने घासावीत.

आता बोळा. कापूस जुन्या, धुवट सुती कापडात बांधायचा, लाखेत भिजवून पिळायचा. लाकडावर तो सरकतच राहिला पाहिजे. क्षणभर थांबला तरी स्पिरिट खालचा थर ओढून घेतं. अडखळायला लागला तर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. पण तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, ती ढिगात कोंडली की फडकं आपोआप पेटू शकतं. ते मोकळ्यावर पसरून वाळवावं.

भर पावसाळ्यात मात्र हे काम काढू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि पांढुरका डाग उमटतो. जेवणाच्या टेबलालाही लाख नको. गरम भांड्याखाली ती मऊ होते. तिथे पीयूच योग्य.

घरात आजोबांच्या वेळचं कपाट असेल, तर दाराच्या आतल्या बाजूला कापसाने थोडं स्पिरिट लावून पाहा. पॉलिश चिकट झालं, तर ती बहुधा लाख. मग सगळं खरवडून काढायची गरज नाही. धूळ आणि मेण पुसून पातळ लाखेचा बोळा फिरवला, तरी पुष्कळदा काम भागतं.