मळीतला ऊस आणि तीन महापूर

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ साली पाणी ५४ फुटांच्या आसपास गेले, २०१९ मध्ये त्याने ५७ फूट ओलांडले आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, ते पुन्हा ५५ फुटांच्या जवळ पोहोचले. या सोळा वर्षांत काठची गावे बरेच शिकली. २०१९ ला ब्रह्मनाळमध्ये नाव उलटून माणसे बुडाली. २०२१ ला धरणांच्या विसर्गाचे आकडे येऊ लागताच अनेक गावांनी गुरे हलवली, पाणी उपसायच्या मोटारी काढून वर आणल्या. पण हे शहाणपण जीव आणि अवजारे वाचवण्यापुरतेच राहिले. शेतात काय लावायचे आणि कधी, हे जवळपास पूर्वीसारखेच चालू आहे.

पूर्वीसारखे म्हणजे आजोबांच्या काळासारखे मात्र नव्हे. नदीलगतची गाळाची पट्टी, म्हणजे मळी, तेव्हा पावसाळ्यात पड असायची. पाणी ओसरले की तिथे शाळू, हरभरा, वांगी यायची, आणि पुराने आणलेला गाळ हेच खत. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडते त्याचा आजही सोहळा होतो. पूर हा वर्षाच्या हिशेबातलाच होता. पुढे उपसा योजना आल्या, सहकारी कारखाने आले आणि ऊस थेट पात्रापर्यंत उतरला. बारा ते अठरा महिने रानात उभ्या राहणाऱ्या पिकाला किमान एक पावसाळा गाठणारच. पुराची उंची वाढली हे खरेच, पण त्याच्या वाटेत आपण ठेवलेला मालही वाढला.

यावर पहिला आक्षेप अलमट्टीचा. कर्नाटकाच्या त्या धरणामुळे फुगवटा येतो, असे काठावर ठामपणे सांगितले जाते. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. वाद चालू राहील. पण तो निकाली निघेपर्यंत मळीतले पीक थांबत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोयाबीन चार दिवसांत कुजते, उसाचा शेंडा पाण्याबाहेर राहिला तर तो तगतो, शिवाय त्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, आहे. मग शेतकरी चुकतो कुठे? चुकत नाहीच. उंच वाढलेल्या उसाबाबत त्याचा हिशेब बरोबर आहे. तो जुलैत लावलेल्या आडसाली उसाला लागू पडत नाही, कारण कोवळी लावण पहिल्याच पुरात बुडते. आणि पाणी आठवडाभर शेंड्यावर राहिले, तर उंच ऊसही जातो.

खरी अडचण भरपाईच्या रीतीत आहे. पंचनामा उभ्या पिकाचा होतो. मळी पड ठेवून रब्बीची वाट पाहणाऱ्याचे नुकसान कागदावर दिसतच नाही, म्हणजे जो पुराशी जुळवून घेतो त्यालाच काही मिळत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा सरकारने आखली आहे, पण तिचा उपयोग बांधकामे रोखण्यापुरता. त्याच रेषेच्या आतली मळी पावसाळ्यात मोकळी ठेवणाऱ्याला एकरी ठराविक रक्कम आगाऊ द्यावी आणि त्याच्या रब्बी मालाला खरेदीची हमी द्यावी. आडसालीऐवजी पावसाळा सरल्यावर लावण करणाऱ्याचा ऊस कारखान्यांनी आधी न्यावा. पूर ओसरल्यावर होणाऱ्या वाटपातला काही भाग पुराच्या आधी खर्च करायला सरकारने आता तरी सुरुवात करावी.