तर्रीत अडकलेलं ‘ड’

नंदुरबार म्हटलं की धडगाव-अक्कलकुव्यातली हडकुळी मुलं आठवतात. पण गुटगुटीत पोरही कुपोषित असू शकतं, तेही इथल्या रणरणत्या उन्हात!

ऊन अंगावर पडलं की त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. ते पाण्यात नव्हे, चरबीत विरघळतं. नंदुरबारच्या मिरचीचा लाल रंग जसा रश्श्याच्या तर्रीत जमतो. तेल जितकं जास्त, तितका खालचा रस्सा फिका. लठ्ठ मुलाचंही तसंच. ‘ड’ चरबीत पसरतं, रक्ताच्या वाट्याला थोडंच येतं. बॉस्टनच्या संशोधकांनी २००० साली लठ्ठ आणि सडपातळ प्रौढांना सारखेच अतिनील किरण दिले. त्वचेत ‘ड’ बनण्याची क्षमता दोघांची सारखी, पण लठ्ठांच्या रक्तातली वाढ निम्म्याहूनही कमी!

त्यात शाळेबाहेरचे पाच रुपयांचे कुरकुरीत पुडे. पोट भरतं, जीवनसत्त्वांच्या नावानं शंख.

अशा मुलांना डॉक्टर ‘ड’चा डोस नेहमीच्या दुप्पट-तिप्पट देतात. मात्र मेडिकलमधली ६०,००० युनिटची पुडी मनानेच आणून देऊ नये. जादा ‘ड’ लघवीवाटे सहज निघून जात नाही.