रानातील कडू कंद व त्यांची पारख

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील पालघर, ठाणे, रायगड आणि नाशिक या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात वारली, कातकरी, ठाकर व महादेव कोळी हे लोक रानातील कंद खणून खात आले आहेत. यांपैकी पुष्कळसे कंद एकाच कुळातील वेलींचे असतात. आपल्या परसातील कोनफळ व काटेकणगी ही त्याच कुळातील लागवडीची पिके होत. या कंदांना ‘दुष्काळी अन्न’ म्हणून बाजूस सारण्याची प्रथा लेखकास मान्य नाही. कार्तिकात करांदे बाजारात येतात तेव्हा शहरातील गिऱ्हाइकही ते आवडीने घेते.

पहिली पारख पानांवरून करावी. करांद्याचे पान हृदयाच्या आकाराचे, एकेकटे असते व खोडास काटे नसतात. पानांच्या बगलेत बटाट्यासारखे कंद धरतात. शेंदवेलीचे (हिलाच उळशी म्हणतात) पान बहुधा पाच पर्णिकांचे व खोड काटेरी असते. तिच्या नरफुलांच्या तुऱ्यांची पावसाळ्यात भाजी करतात. काटेरी खोड व तीन रुंद पर्णिका आढळल्यास मात्र सावध राहावे. मध्य भारतात बैचांदी या नावाने ओळखला जाणारा हा कंद विषारी असून त्यात डायोस्कोरीन नावाचे द्रव्य असते. त्याने घसा जळतो, भोवळ व वांत्या येतात आणि मात्रा अधिक झाल्यास झटके येऊन प्राणावर बेतते. असे झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

हा विषारी कंदही आदिवासी कुटुंबे खातात, ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. डायोस्कोरीन पाण्यात विरघळते. म्हणून कंद सोलून त्याच्या पातळ चकत्या करतात व टोपलीत घालून कित्येक दिवस ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवतात. चकती जितकी पातळ, तितका पाण्याचा स्पर्श अधिक. आणि पाणी वाहते असल्याने सुटलेले विष पुन्हा कंदात मुरत नाही. जाड फोडी नुसत्या उकडून खाणे धोक्याचे आहे. रानातील करांद्याचा कडूपणा निराळ्या द्रव्यांचा असतो. तो घालविण्यासाठी चकत्या राख घालून उकडतात व पुढे पाण्यात ठेवतात. उकडलेले पाणी फेकून द्यावे, गुरांना पाजू नये. जाणत्या बाईने चव पाहून होकार दिल्याशिवाय घरात कोणी घास घेत नाही. ही शिस्त प्रयोगशाळेतील कोणत्याही शिस्तीहून कमी नव्हे.

कंद केव्हा खणावा, यालाही कारण आहे. पहिल्या पावसाने वेल फुटते ती कंदातील साठ्यावर. म्हणून आषाढात खणलेला कंद पाणचट व सुरकुतलेला निघतो. पाने पिवळी पडून वेल वाळली की साठा भरलेला असतो. तो काळ मार्गशीर्षापासून होळीपर्यंत. खणताना कंदाचा वरचा डोक्याकडील भाग कापून खड्ड्यातच ठेवावा व माती लोटावी. पुढील वर्षी तेथूनच वेल येते. जुनी मंडळी हे न चुकता करीत. आता घाईने सगळाच कंद उपसला जातो, आणि एकदा मोकळे झालेले ठिकाण पुन्हा सहसा भरत नाही. सन 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात मुळे व कंद यांचा समावेश केला आहे. तेव्हा गोळा करण्याचा हक्क ज्या ग्रामसभेचा, तिनेच खणण्याचा हंगामही ठरवावा, असे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुचवावे.

करांद्याची लागवड कुंपणालगत सहज होते. वेलीवरील कंद हेच बियाणे असल्याने मूळ वेलीचा कडूपणा वा गोडी पुढे तशीच उतरते. म्हणून कमी कडू वेल हेरून तिचे कंद हिवाळ्यात वेगळे काढावेत, सावलीत कोरड्या जागी पसरून ठेवावेत आणि मृगापूर्वी शेणखत घातलेल्या खड्ड्यात लावून वेल शेजारच्या झाडावर चढवावी.