फाईल बंद झाली, पण तिचा नंबर? एका एरर मेसेजनं अख्खा डेटाबेस कसा खराब केला

30 ऑगस्ट 2013 च्या सुमाराची गोष्ट. फॉसिल नावाच्या सॉफ्टवेअरचा मुख्य कोड ज्या डेटाबेसमध्ये ठेवला होता, तो डेटाबेसच खराब झाला. ना हॅकर, ना व्हायरस. घोळ घातला होता एका आकड्यानं. तो आकडा म्हणजे 2.

हा नंबर असतो तरी काय?

प्रोग्रॅम फाईल उघडायला सांगतो, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम त्याला फक्त एक नंबर देते. यालाच फाईल हँडल म्हणतात. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणारं टोकनच समजा. चप्पल कुठल्या खणात आहे हे स्टँडवाल्याला माहीत, तुमच्याकडे फक्त नंबर.

लिनक्ससारख्या सिस्टिममध्ये 0, 1 आणि 2 हे नंबर आधीच ठरलेले असतात. 0 इनपुटसाठी, 1 आउटपुटसाठी आणि 2 एरर मेसेजसाठी. त्यामुळे नवी फाईल उघडली की साधारणपणे 3 नंबर मिळतो.

मग तोच नंबर पुन्हा का वापरतात?

कारण खण मोजकेच असतात. अनेक लिनक्स सिस्टिमवर एका प्रोग्रॅमला सुरुवातीला 1024 हँडलचीच मर्यादा असते. दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरला ती पुरायची, तर रिकामा झालेला खण पुन्हा वापरावाच लागतो. नियमही तसाच आहे, रिकाम्या नंबरांपैकी सगळ्यात लहान नंबर आधी द्यायचा.

गडबड कुठे झाली?

टोकन परत केलं तरी नंबर लक्षात राहतो. फॉसिलमध्ये तेच झालं. एरर मेसेजचा 2 नंबर बंद झाला होता. नंतर डेटाबेसची फाईल उघडली आणि नियमाप्रमाणे तिला रिकामा असलेला 2 मिळाला. पुढे एका बगमुळे प्रोग्रॅमनं सवयीप्रमाणे 2 वर एरर मेसेज लिहिला. तो थेट डेटाबेसवर लिहिला गेला आणि आतला काही डेटा पुसला गेला.

हा डेटाबेस होता एसक्यूलाईट. अँड्रॉइड आणि आयफोनमध्येही तोच वापरतात. या घटनेनंतर ऑक्टोबर 2013 मध्ये आलेल्या 3.8.1 व्हर्जनपासून एसक्यूलाईट डेटाबेससाठी 0, 1, 2 हे नंबर घेतच नाही.

व्हर्च्युअल मशीन बनवणारे काय करतात?

व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला खरी फाईल दिसत नाही. कुठला नंबर कुठल्या फाईलचा, याचा तक्ता मशीनकडे असतो. म्हणजे स्टँडवाला तुम्हीच, नियमही तुमचेच.

एक उपाय म्हणजे नंबरासोबत पिढी जोडणं. खण रिकामा झाला की टोकनाचा रंग बदलायचा. आधी लाल 3, आता निळा 3. कुणी जुना लाल 3 घेऊन आलं, तर त्याला सरळ एरर दाखवून परत पाठवायचं.

दुसरा उपाय वाझीचा. ब्राउझरबाहेर वेबअसेंब्ली चालवण्यासाठी 2019 मध्ये जाहीर झालेलं हे स्टँडर्ड. सगळ्यात लहान नंबरच मिळेल, याची खात्री ते देत नाही. उलट नंबर मुद्दाम कसाही देण्याची मुभा ठेवतं, म्हणजे कुणी तो गृहीत धरून कोड लिहू नये.

तिसरा उपाय सगळ्यात सोपा. फाईल बंद केली की व्हेरिएबलमधला तिचा नंबरही त्याच क्षणी पुसून टाकायचा. कारण चुकीच्या नंबरावर लिहिलं तरी सिस्टिम हूं की चूं करत नाही. तिच्या दृष्टीनं तो नंबर बरोबरच असतो.